दोन डावे हात

बाई पडल्या त्या एकट्या पडल्या नाहीत, सरांना घेऊन पडल्या. आणि सरांचं वजन म्हणजे काही थट्टा नव्हती.

सर म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर शाळेत खेळ शिकवले, म्हणून सगळ्या इमारतीचे सर. दारात उभे राहिले की मागचा उजेड अडायचा असा देह. अर्धांगाचा झटका आला आणि त्या देहाची उजवी बाजू लुळी पडली. बोलणंही गेलं. उरले ते दोन शब्द. एक 'हो' आणि दुसरा, का ते देवालाच ठाऊक, 'शिट्टी'. पाणी हवं असलं तरी शिट्टी, पंखा बंद करायचा तरी शिट्टी, लेक भेटायला आली की आनंदानं शिट्टी. बाईंना सुरावरून सगळं कळायचं. बाकीच्यांनी नुसतं हसायचं.

बाई पडदे शिवायच्या. खिडक्यांचे नव्हेत, नाट्यगृहांचे. जाड मखमलीचे, दोन माणसांनी मिळून ओढावे लागतात तसले. त्या पडद्यांनी त्यांचे खांदे पुरुषासारखे भरले होते आणि त्यांना त्याचा तोरा होता. सर आजारी पडल्यावर लेक म्हणाली, "आई, एखादा माणूस ठेवू या." तर बाई म्हणाल्या, "मखमलीचे तागे उचललेत मी. तुझे बाबा काय जड आहेत?" सरांच्या कमरेला त्यांनी स्वतः शिवलेला जाड पट्टा बांधलेला असे. गुडघ्याला गुडघा लावायचा, दोन्ही हातांनी पट्टा धरायचा, "एक, दोन, उठा" म्हणायचं, आणि सर पलंगावरून चाकांच्या खुर्चीत. सरांच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

त्या सकाळी खुर्चीचा एका बाजूचा ब्रेक नीट लागला नव्हता. सर अर्धवट उभे असताना खुर्ची मागे सरकली. बाईंनी पट्टा सोडला असता तर त्या वाचल्या असत्या, पण पट्टा सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उजव्या खांद्यावर त्या फरशीवर आपटल्या आणि वरून सर आले. आत काहीतरी कडकन मोडलं, ते त्यांना कानांनी नाही, दातांत ऐकू आलं.

फोन स्वयंपाकघरात. बाईंना हलता येईना, सरांना उठता येईना. दोघांची तोंडं एकमेकांजवळ. सरांच्या डोळ्यांत जी भीती होती ती बाईंनी आजारपणातही पाहिली नव्हती. "लागलं नाही हो मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला. मग सरांनी छाती भरून श्वास घेतला आणि मैदानावर ओरडावं तसे ओरडले, "शिट्टी! शिट्टी! शिट्टी!" खालच्या मजल्यावरचे शेजारी किल्ली घेऊन धावत आले तोवर त्यांचा घसा बसला होता.

हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, बोलणं मोजकं. त्यांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. लेक ऑफिसातून तशीच धावत आली होती, ती आईच्या मागे उभी राहिली.

"दंडाच्या हाडाचं हे वरचं टोक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा गोळा खांद्यात फिरतो. तो हाडाच्या मानेपाशी, म्हणजे गोळ्याच्या जरा खाली, मोडलाय, आणि बाजूचा हा तुकडा वेगळा झालाय. सरकलाय थोडा."

"म्हणजे ऑपरेशन," लेक म्हणाली.

"मी नको म्हणेन."



"तुकडे झालेत म्हणताय आणि ऑपरेशन नको?" लेकीचा आवाज चढला.

"झोळीत हात ठेवायचा. सुरुवातीचे दिवस कठीण जातील. मग हळूहळू व्यायाम. या वयात, अशा मोडीत, बऱ्याच जणांचा हात ऑपरेशन करून जेवढा चालतो तेवढाच न करता चालतो. हे मी मनाचं सांगत नाही, लोकांना वर्षानुवर्षं तपासून पाहिलंय. ऑपरेशन केलं की त्याचे त्रास वेगळे. भूल, जखम चिघळणं, ठिसूळ हाडातून स्क्रू बाहेर येणं. गोळा खोबणीतून निखळला असता किंवा हाड कातडीबाहेर आलं असतं, तर मी तुम्हाला विचारलंही नसतं, सरळ आत नेलं असतं."

 बाईंना हाडाचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, "यांना कधी उचलता येईल मला?"

"कुणाला?"

"आमच्या यांना. रोज उचलते मी."

डॉक्टरीणबाईंनी पेटीचा दिवा बंद केला. "मावशी, ऑपरेशन करा किंवा नका करू. माणूस उचलायचा नाही आता. कधीच."

बाईंना वाटलं, हिच्या थोबाडीत द्यावी. पण हात झोळीत होता.

घरी येताना गाडीत लेक धुमसत होती. "वय झालं म्हणून टाळतात. चाळिशीतली असतीस तर तासाभरात टेबलावर घेतलं असतं. म्हाताऱ्या माणसाला हात कशाला हवा, असं वाटतं या लोकांना." ते बाईंच्या जिव्हारी लागलं. आपल्याला मोडीत काढलं, असं त्यांना वाटलं. पडदा विटला की दुरुस्त करत नाहीत, खालचा भाग कापून पुसायला घेतात. तसं.

त्या दिवसापासून घर तापल्या तव्यासारखं झालं. खांद्यापासून कोपरापर्यंत हात काळानिळा पडला आणि मग ते निळं रक्त खाली खाली उतरत मनगटापर्यंत गेलं. बघणाऱ्याला वाटावं, हात सडतोय. आडवं झोपता येईना, म्हणून आरामखुर्चीत उशा लावून बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढा. काख धुवायची तर पुढे वाकून हात लोंबकळू द्यायचा आणि लेकीनं फडकं फिरवायचं. आयुष्यभर पडदे शिवलेल्या बाईला लेकीपुढे अंग उघडं करून उभं राहावं लागे, आणि दोघी भिंतीकडे बघत.

सरांसाठी लेकीनं एक माणूस आणला. अंगानं इतका काटकुळा की बाईंनी बघताक्षणी त्याचं नाव काडीपैलवान ठेवलं. "हा उचलणार? हे नुसते शिंकले तरी उडून जाईल." काडीपैलवानानं ऐकलं, हसला, आणि सरांना पट्ट्याला धरून असं अलगद खुर्चीत बसवलं की बाईंना राग आला. खरं तर त्यांना तो पडावा असं वाटलं होतं. मग स्वतःच्याच मनाची लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग त्याच्यावरच निघाला. पाणी फार गरम केलं, टॉवेल चुकीचा घेतला, सरांचा उजवा हात ओढला. काडीपैलवान सगळ्याला "हो मावशी" म्हणायचा.

सर मात्र गप्प झाले होते. शिट्टी नाही, हो नाही. बाईंच्या झोळीकडे बघत बसायचे. दुपारी त्या शेजारी बसल्या की त्यांचा डावा हात पलंगावरून सरकत येई आणि बाईंच्या डाव्या हातावर पडे. दोघांत मिळून चालते हात दोन, आणि दोन्ही डावे. "बघा," बाई म्हणाल्या, "आता टाळी वाजवायची तर कुणीतरी उलटं बसायला हवं." सर हसले नाहीत. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. आपण हिच्यावर पडलो, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं, आणि ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

पुढच्या तपासणीत एक्स-रे आधीपेक्षा वाईट दिसला. बाजूचा तुकडा आणखी वर सरकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढं चालेल. थांबू या." लेकीनं तो फोटो मोबाइलवर घेतला आणि दुसऱ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना दाखवला. तिथला सर्जन तरुण होता, हसतमुख होता. तो म्हणाला, करता येईल. प्लेट बसवू, स्क्रूंनी तुकडे जागेवर धरू. पण ठरवायचं ते आताच, हाड वेडंवाकडं जुळायला लागलं की अवघड होऊन बसेल. लेकीनं तारीख घेऊन टाकली.

"आई, तुला हात हवाय ना?"

"हवाय."

"मग झालं तर."

आणि खरं म्हणजे बाईंनाही तेच हवं होतं. पोलादाची पट्टी आत जाईल, खांदा पुन्हा घट्ट होईल, काडीपैलवानाला नारळ देता येईल. डॉक्टरीणबाईंना काय कळतं? बाईंनी मनातल्या मनात पट्टा धरूनही पाहिला.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांना दोघी गेल्या. रक्त घेतलं, छातीचा आलेख काढला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आलेख दोनदा बघितला, रक्तदाबाच्या गोळ्या विचारल्या आणि म्हणाले, "देता येईल भूल. जोखीम थोडी जास्त, पण देता येईल." मग तरुण सर्जन आला. त्यानं खांद्यावर पेनानं कापायची रेघ कुठून कुठे जाईल ते दाखवलं. काही विचारायचंय का, म्हणाला.

लेकीनं आपले प्रश्न विचारून घेतले. मग बाई म्हणाल्या, "एकच विचारते. खरं सांगाल?"

"विचारा की आजी."

"पट्टी बसवली, सगळं छान झालं, तुमच्या मनासारखं झालं. मग मी माझ्या नवऱ्याला उचलू शकेन?"

सर्जननं लेकीकडे पाहिलं. लेकीनं खाली पाहिलं.

"किती वजन त्यांचं?"

बाईंनी सांगितलं. सर्जनचं हसू मावळलं, पण तो माणूस सरळ होता. खुर्ची ओढून बाईंसमोर बसला. "नाही आजी. मी हाड जागेवर धरून ठेवीन, पण हाड तुमचंच, आणि ते आतून पोकळ झालंय. माणसाचं वजन त्यावर टाकायचं नाही. ते मी केलं तरी नाही, कुणीही केलं तरी नाही."

"मग ही पट्टी कशाला?"

"एक्स-रे सरळ दिसेल. हातही थोडा बरा चालेल कदाचित. कदाचित तेवढाच चालेल. छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही."

बाहेरच्या बाकावर बाई बराच वेळ बसून राहिल्या. समोरून स्ट्रेचर जात होते, कुणाचं तरी बाळ रडत होतं. दोन डॉक्टर, एकमेकांना न भेटलेले, एकच गोष्ट सांगत होते, आणि ती हाडाची गोष्ट नव्हतीच. आता त्यांना रागवायलाही कुणी उरलं नाही.

"तारीख रद्द कर," त्या लेकीला म्हणाल्या.

"आई, घाबरलीस का?"

"ज्याच्यासाठी करायचं तेच होणार नाही. मग कापून घेऊ कशाला?"

"स्वतःसाठी कर ना!" लेक ओरडली. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "नेहमी बाबा, बाबा. तुझा हात तुझा नाही का? उद्या तो वाकडा जुळला, तुला केस विंचरता आले नाहीत, तर मी कुणाला विचारू? आणि बाबांचं म्हणशील, तर त्यांना काही महिने चांगल्या केंद्रात ठेवू. मी बघून आलेय. स्वच्छ आहे, माणसं आहेत."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "बघून आलीस? मला न विचारता?"

"कुणीतरी बघायला हवं ना! तुम्ही दोघं फरशीवर पडलात, तो फोन मला आला. मला!"

 गाडीतून उतरताना बाई म्हणाल्या, "यांना कुठे पाठवायचं नाही. तो काडीपैलवान राहू दे." लेकीनं मान हलवली. तिला रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं. या बाबतीत ती आईवरच गेली होती.

यानंतरचे दिवस सर्वांत वाईट गेले. ठरवून टाकलं म्हणजे शंका संपतात थोडीच? बाईंना खांद्यात आत काहीतरी घासल्यासारखं वाटे. चुकलं का आपलं? हट्टानं हात घालवला का? तरुण सर्जननं सांगितलेली मुदत आता सरत होती. एकदा त्यांनी लेकीला फोन लावला, "घे तारीख" म्हणायला. तिनं उचलल्यावर म्हणाल्या, "जेवलीस का?"

अशातच ती दुपार आली.

काडीपैलवान सरांची औषधं आणायला खाली गेला होता. जाताना म्हणाला, "आलोच मावशी." औषधांच्या दुकानात गर्दी असावी. त्याला वेळ लागला. सर पलंगावर होते. इतके दिवस गप्प असलेला माणूस एकाएकी म्हणाला, "शिट्टी."

बाईंनी सूर ओळखला. हे लघवीच्या बाटलीचं काम नव्हतं. भांड्याच्या खुर्चीवर बसवायला हवं होतं, आणि लगेच.

"थांबा हं जरा. येतोच आहे तो."

"शिट्टी." आवाज कासावीस.

बाईंनी दार उघडून जिन्यात पाहिलं. कुणी नाही. शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप. आत सर धापा टाकत होते, कपाळाच्या शिरा फुगल्या होत्या. त्या माणसानं आजारपणातही अंथरूण कधी खराब केलं नव्हतं. ती त्याची शेवटची शान होती आणि बाईंनी आजवर ती राखली होती.

त्यांनी भांड्याची खुर्ची पायानं ढकलत पलंगापाशी आणली. ब्रेक लावला, तपासला, पुन्हा तपासला. मग मानेमागची गाठ सोडून झोळी काढली. हात खाली आला तशी खांद्यात वीज गेली. एकदाच उचलायचं, त्या स्वतःशी म्हणाल्या. एकदाच, आणि तेही डाव्या हातानं. उजवा नुसता लावायचा. गुडघ्याला गुडघा लावला. डाव्या हातानं पट्टा पकडला, उजव्या हाताची बोटं पट्ट्यात अडकवली.

"एक, दोन, उठा."

सर उठले नाहीत.

बाईंनी पाहिलं. सरांनी डाव्या हातानं पलंगाचा कठडा घट्ट धरला होता. मुठीची हाडं पांढरी दिसत होती.

"सोडा ते. अहो, सोडा!"

त्यांनी ओढलं. सरांनी कठडा सोडला नाही. बाईंनी आणखी जोर लावला, उजव्या हातानंही. डोळ्यांपुढे अंधारी आली. "सोडा म्हणते ना!" त्या किंचाळल्या. "तुमच्यासाठीच करतेय मी!"

सरांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांचे ओठ हलले, वाकडे झाले, पुन्हा जुळले. घशातून काहीतरी वर येत होतं.

"नाही," सर म्हणाले.

बाईंचा हात पट्ट्यातून गळून पडला.

"काय म्हणालात?"

"नाही." स्पष्ट. शाळेतल्या आवाजात.

मग जे व्हायचं ते झालं. सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं, पण कठडा सोडला नाही. बाई पलंगाच्या कडेला बसल्या. खोलीत वास पसरला. त्या उठल्या नाहीत, खिडकी उघडली नाही. आजारपण आल्यापासून त्या या माणसाच्या मनातलं सगळं ओळखत होत्या, आणि त्यांना वाटत होतं की त्याला काय हवं ते फक्त त्यांनाच कळतं. आज त्यानं स्वतः सांगितलं होतं. आपली शान सोडून दिली होती, आणि बायकोचा खांदा धरून ठेवला होता.

काडीपैलवान धावत आला. दारात थांबला. पलंग पाहिला, सुटलेली झोळी पाहिली. "मावशी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर बसता?"

नेहमीच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, तू कोण मला सांगणारा? त्या बाहेर जाऊन बसल्या. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि काडीपैलवानाचा. तो सरांना कुठल्यातरी फुटबॉलच्या सामन्याबद्दल सांगत होता. गोलकीपर कसा चुकला, पंच कसा आंधळा होता. थोड्या वेळानं आतून सर म्हणाले, "हो." मग थांबून, "नाही." आणि दोघांत वाद सुरू झाला, एका बाजूला बडबड आणि दुसऱ्या बाजूला दोन शब्द. बाईंनी डावा हात तोंडावर धरला आणि रडून घेतलं.

लेकीला त्यांनी त्या दिवशीच सगळं सांगितलं. तिनं ओरडावं अशी त्यांची तयारी होती. ती आली, झोळी बांधून दिली. एवढंच म्हणाली, "उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

एक्स-रेच्या खोलीबाहेर दोघी बसल्या. आपण स्वतःच्या हातानं सगळं मोडलं असणार, याबद्दल बाईंच्या मनात शंका उरली नव्हती. आता टेबलावर घ्या म्हणतील, आणि आता उशीर झालाय असंही म्हणतील. लेकीनं त्यांचा डावा हात धरला होता.

डॉक्टरीणबाईंनी झाली हकीकत ऐकली. चेहरा दगडासारखा. फोटो पेटीवर लावला आणि आधीचा शेजारी. दोन्ही आलटूनपालटून पाहिले.

"मूर्खपणा केलात," शेवटी म्हणाल्या.

"गेलं का सगळं?"

"इकडे या. हे बघा." त्यांनी बोट ठेवलं. तुकड्यांच्या फटीत धुकं साचल्यासारखं काहीतरी पांढुरकं दिसत होतं. "हे नवं हाड. धरायला लागलंय. सरळ जुळत नाहीये, पण जुळतंय. कालच्या ओढाताणीनं ते हललं नाही, हे तुमचं नशीब. तुमच्या यजमानांनी कठडा सोडला असता तर मी हे म्हणाले नसते."

लेक मटकन स्टुलावर बसली.

मग सुरू झाला व्यायाम. पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. मग भिंतीवर बोटांनी चढायचं. चढताना बाई दातओठ खायच्या, उतरताना शिव्या द्यायच्या. व्यायामाच्या केंद्रात त्यांच्याच वयाची एक बाई भेटली. तिलाही तसंच लागलेलं, पण तिनं प्लेट बसवून घेतलेली. खांद्यावर लांब व्रण. दोघी शाळकरी मुलींसारख्या भिंतीला टेकून हात वर करून बघायच्या. तिचा थोडा जास्त वर जायचा. बाईंचा पाठीमागे जास्त जायचा. तिथेच एक निवृत्त पोस्टमन होता. त्याचे स्क्रू बाहेर आले म्हणून त्याला पुन्हा कापावं लागलं होतं. आणि एक मावशी होत्या, ज्यांचा ऑपरेशन न केलेला खांदा पार आखडून गेला होता. ज्याची त्याची वेगळी तऱ्हा. प्लेटवाली एकदा म्हणाली, "कुणाचं बरोबर होतं हो?" बाई म्हणाल्या, "तुमचं तुम्हाला, माझं मला. मी रोज वेगळं उत्तर देते."

सरांना तो सापडलेला शब्द भलताच आवडला. औषध नाही, सूप नाही, लेकीनं आणलेला शर्ट नाही. केंद्रात व्यायाम शिकवणारी मुलगी ते ऐकून म्हणाली, चांगलं लक्षण आहे. बाई म्हणाल्या, "तुम्हाला चांगलं. संसार मला करायचाय."

काडीपैलवान राहिला. बाईंनी त्याच्या नावानं कुरकुर करायचं सोडलं असं नाही, पण आता त्या सांगायच्या त्यात राग नसायचा. उजवा पाय आधी ठेव, त्यांना खिडकी दिसेल असं बसव, मान कलली की उशी इकडून. बाईंना उचलता येत नव्हतं, पण उचलायचं कसं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

थंडी ओसरल्यावर लेक एकदा सकाळी आली. सर खुर्चीत बसले होते आणि बाई त्यांच्यामागे उभ्या राहून कंगवा फिरवत होत्या. उजव्या हातानं. हात खांद्याच्या थोडा वर जायचा आणि तिथे अडायचा, पण बसलेल्या माणसाच्या डोक्याला तेवढा पुरायचा. लेक दारातच थांबली.

"आई, तेव्हा केलं असतं ऑपरेशन तर?"

"तर काय?"

"आणखी वर गेला असता का हात?"

बाईंनी कंगवा थांबवला, खरंच विचार केला. "गेला असता कदाचित. नसताही गेला." मग कंगवा लेकीच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाठ करून बसल्या. "आता माझे विंचर. मागच्यांपर्यंत माझा हात पोचत नाही."